हत्तीरोगाच्या गोळ्या: वाटप पूर्ण होते, सेवन का होत नाही?

वैनगंगातीर

भंडारा जिल्ह्यात आरोग्य सहायक म्हणून मी निवृत्त होईपर्यंत काम केले आणि त्या नोकरीचा मोठा भाग हत्तीरोगाच्या कामात गेला. मोहिमेच्या दिवसांत आशाताई घरोघरी जातात, गोळ्या देतात, वहीत नोंद करतात, दारावर खडूने खूण करतात आणि संध्याकाळी तालुक्याला टक्केवारी कळवली जाते. ती टक्केवारी बऱ्याचदा वाटपाची असते. गोळ्या प्रत्यक्ष किती जणांच्या पोटात गेल्या हे तिच्यावरून कळत नाही, कारण पुष्कळ घरांत "जेवण झाल्यावर घेतो" असे सांगून पुडी फडताळात ठेवली जाते आणि पुढच्या वर्षीची पुडी येईपर्यंत ती तिथेच पडून राहते. या विषयावर सविस्तर चर्चा व्हावी अशी फार दिवसांची इच्छा होती, म्हणून हा धागा काढत आहे.

आधी रोगाविषयी थोडे सांगतो, कारण गोळी का घ्यायची याचे उत्तर त्यातच आहे. आपल्याकडे हत्तीरोग ज्या कृमीमुळे होतो त्याचे नाव वुचेरेरिया बॅन्क्रॉफ्टी. दोऱ्यासारखा बारीक असलेला हा कृमी माणसाच्या लसीकावाहिन्यांत, म्हणजे अंगात पाझरलेले पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नलिकांत, राहतो. मादी आठ ते दहा सेंटिमीटर लांब असते आणि नर तिच्या निम्म्याने. प्रौढ कृमी सहा ते आठ वर्षे जगतात आणि तेवढ्या काळात लाखो सूक्ष्मकृमी, म्हणजे त्यांची पिल्ले, रक्तात सोडले जातात. नाल्यांत, मोऱ्यांत आणि सेप्टिक टँकमध्ये वाढणारा क्युलेक्स डास रात्री चावतो, तेव्हा रक्ताबरोबर हे सूक्ष्मकृमी त्याच्या पोटात जातात, दहा ते चौदा दिवसांत त्याच्या शरीरात वाढून संसर्ग करण्याजोगे होतात आणि डास पुढच्या माणसाला चावला की त्वचेवर उतरून चाव्याच्या छिद्रातून आत शिरतात.

या सूक्ष्मकृमींची एक सवय थक्क करणारी आहे. दिवसभर ते फुप्फुसांतल्या बारीक रक्तवाहिन्यांत दडून असतात आणि रात्री, साधारण दहा ते दोनच्या दरम्यान, त्वचेजवळच्या रक्तात येतात. म्हणजे नेमके हा डास चावण्याच्या वेळी. त्यामुळे आमची रक्ततपासणीही रात्रीच चालत असे. गाव निजलेले असायचे, कुत्री अंगावर यायची आणि आम्ही विजेरी घेऊन एकेक दार वाजवत असू. झोपेतून उठलेला माणूस खाटेवर बसल्या बसल्याच बोट पुढे करी. काचपट्टीवर रक्ताचा जाड थेंब घ्यायचा, तिच्यावर क्रमांक घालायचा, नंतर पाण्यात धुऊन रक्ताचा लाल रंग काढायचा, मग जे. एस. बी. रंग देऊन ती सूक्ष्मदर्शकाखाली धरायची. पातळ आवरणात वळसे घेतलेला जांभळट सूक्ष्मकृमी दिसला की त्या माणसाच्या घरी पुन्हा जायचे. बहुतेक वेळा तो माणूस धडधाकट निघे. त्याच्या पायाला सूज नसे, अंगात ताप नसे, दिवसभर तो शेतात राबत असे. आणि त्याला सांगावे लागे की रोगाचा साठा तुमच्या रक्तात आहे. उलट ज्या माणसाचा पाय वर्षानुवर्षे सुजलेला असे, त्याच्या रक्तात पुष्कळदा एकही सूक्ष्मकृमी सापडत नसे.

सुजलेला पाय पाहून गाव त्या माणसापासून दूर राहते, आणि रोग मात्र ज्याला काहीच झालेले नाही अशा शेजाऱ्याकडून डासामार्फत पसरत राहतो. म्हणून गोळी सगळ्यांना द्यावी लागते. आपल्या देशात राष्ट्रीय हत्तीरोग नियंत्रण कार्यक्रम १९५५ साली सुरू झाला, २००४ पासून डी. ई. सी. या कृमिनाशक गोळीची सार्वत्रिक मोहीम सुरू झाली आणि २००७ पासून तिला अल्बेंडाझोल या दुसऱ्या कृमिनाशकाची जोड मिळाली. डिसेंबर २०१८ मध्ये बिहारमधील अरवल आणि जानेवारी २०१९ मध्ये आपला नागपूर जिल्हा, असे करत आयव्हरमेक्टिनसह तीन औषधांची मोहीम आली. दुरीकरणाची, म्हणजे रोगाचा प्रसार देशातून थांबवण्याची, मुदत आधी २०१५ होती, ती पुढे ढकलत ढकलत आता २०२७ वर आलेली आहे. माझे स्पष्ट मत असे की औषध कमी पडलेले नाही, ते गिळले गेलेले नाही. आपापल्या गावातला आणि वस्तीतला अनुभव कृपया लिहावा.

नागनदीकर

काका, लेख वाचून रात्रीच्या तपासणीमागचे कारण प्रथमच कळले. मी नागपुरात राहतो आणि मोहिमेत आमच्याकडेही ताई आल्या होत्या. मी गोळ्या घेतल्या नाहीत, आणि त्यामागची माझी कारणे इथे मांडतो, म्हणजे त्यांना उत्तर मिळेल.

आमच्या वसाहतीतील गटारे झाकलेली आहेत, घरात कोणालाही हा आजार नाही आणि मला कोणतेही लक्षण नाही. अशा परिस्थितीत एकाच वेळी तीन औषधे, तीही तपासणी न करता, मी का घ्यावीत? शेजारच्या गृहस्थांना गोळ्या घेतल्यावर रात्री ताप आला आणि गरगरले; ते पाहून इमारतीतील बाकीच्यांनी पुड्या टाकून दिल्या. शिवाय रोग जर डासांमुळे पसरतो, तर माणसांना औषध देण्याऐवजी डासांचा बंदोबस्त का केला जात नाही?

धन्वंतरी_गोंदिया

मी ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधिकारी आहे. नागनदीकर यांचे तीनही प्रश्न आम्हाला दर मोहिमेत विचारले जातात आणि ते रास्त आहेत.

पहिला प्रश्न लक्षणांचा. या रोगाची लागण पुष्कळदा लहानपणी होते आणि सूज दिसायला पुढे अनेक वर्षे जातात. लागण झालेल्यांपैकी बहुसंख्य लोकांना बाहेरून काहीही जाणवत नाही, परंतु आत लसीकावाहिन्या रुंदावत आणि निकामी होत असतात. वस्तीतील प्रत्येकाचे रक्त मध्यरात्री तपासायचे आणि मग औषध द्यायचे, हे प्रत्यक्षात शक्य होत नाही. आता बोटाच्या थेंबावर दिवसाही करता येणारी प्रतिजन चाचणीची (रक्तातील कृमीचा अंश ओळखणारी) पट्टी उपलब्ध आहे, पण तिचा उपयोग मुख्यतः रोग जिल्ह्यात उरला आहे की नाही हे पाहण्यासाठी होतो. औषधे वर्षानुवर्षे वापरलेली आणि सुरक्षित आहेत, म्हणून रोगग्रस्त जिल्ह्यात तपासणीविना सर्वांना देणे हा मार्ग जगभर स्वीकारला गेला. जिल्ह्याच्या एकूण लोकसंख्येपैकी किमान ६५ टक्के लोकांनी गोळ्या प्रत्यक्ष गिळल्या, तरच ती फेरी परिणामकारक धरली जाते.

दुसरा प्रश्न त्रासाचा, आणि येथेच सर्वांत मोठा गैरसमज आहे. ताप, डोकेदुखी, अंगदुखी, मळमळ, गरगरणे हा त्रास बहुतांशी रक्तातील सूक्ष्मकृमी मरू लागल्यामुळे होतो. ज्याच्या रक्तात ते अधिक, त्याला त्रास अधिक. आपल्या शेजाऱ्यांची तपासणी केल्याशिवाय मी निश्चित सांगणार नाही, कारण उपाशीपोटी गोळ्या घेतल्यानेही मळमळते. परंतु ताप येणे हे औषध विषारी असल्याचे लक्षण नसून बऱ्याचदा औषधाची गरज होती याचे लक्षण असते. साधी तापाची गोळी आणि विश्रांती यांनी एक-दोन दिवसांत बरे वाटते. मोहिमेच्या काळात यासाठी शीघ्र प्रतिसाद पथकही तयार ठेवलेले असते. अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले किंवा श्वास लागला तर मात्र थांबू नये, तडक रुग्णालयात यावे.

कोणाला औषध द्यायचे नाही, हेही ठरलेले आहे. दोन वर्षांखालील मूल, गरोदर स्त्री आणि गंभीर आजारी व्यक्ती यांना मोहिमेतील औषधे दिली जात नाहीत. आयव्हरमेक्टिन पाच वर्षांखालील मुलांना देत नाहीत, तसेच नुकत्याच बाळंत झालेल्या मातेला पहिल्या आठवड्यात देत नाहीत. डी. ई. सी. वयानुसार देतात: दोन ते पाच वर्षांपर्यंत १०० मिलिग्रॅमची एक गोळी, सहा ते चौदा वर्षांपर्यंत दोन आणि त्यापुढे तीन. अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची एकच गोळी असते आणि ती चावून खायची असते. आयव्हरमेक्टिनची मात्रा उंचीवरून ठरते, म्हणून ताईंच्या हातात खुणा केलेली पट्टी असते. पुष्कळांना ती पट्टी पाहून शंका येते. वजनकाटा घरोघरी नेणे कठीण असल्यामुळे उंचीवरून वजनाचा अंदाज बांधतात, एवढाच तिचा अर्थ.

ज्या आयव्हरमेक्टिनबद्दल लोक एवढे साशंक आहेत, त्याच्या शोधासाठी विल्यम कॅम्पबेल आणि सातोशी ओमुरा यांना २०१५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आफ्रिकेतील अनेक देशांत ही तीन औषधे एकत्र देता येत नाहीत, कारण तेथे नदीकाठच्या माशीमुळे होणारा अंधत्वाचा कृमिरोग आढळतो आणि त्या रुग्णांना डी. ई. सी. दिले तर डोळ्यांना इजा होऊ शकते. काही भागांत लोआ लोआ नावाचा आणखी एक कृमी आहे, त्याच्या रुग्णांना आयव्हरमेक्टिनचाही धोका असतो. आपल्याकडे तो अडथळा नाही. पापुआ न्यू गिनीमधील चाचणीत तिहेरी औषधाच्या एका मात्रेनंतर बहुतेकांच्या रक्तात तीन वर्षांनंतरही सूक्ष्मकृमी आढळले नाहीत. एवढे चांगले साधन हातात असताना ते फडताळात राहावे, याचे मला मनापासून वाईट वाटते.

तिसरा प्रश्न डासांचा. हिवतापाचा परजीवी डासाच्या शरीरात संख्येने वाढतो, हत्तीरोगाचा कृमी मात्र डासात वाढतो तो केवळ आकाराने; आत गेले तेवढ्यांतलेच काही पुढे जातात. त्यामुळे हत्तीरोग जडण्यासाठी महिनोन्महिने, वर्षानुवर्षे, संसर्ग असलेल्या डासांचे पुष्कळ चावे बसावे लागतात. चार दिवसांसाठी गावी गेलेल्या पाहुण्याने घाबरण्याचे कारण नाही. वुचेरेरिया माणसाशिवाय दुसऱ्या प्राण्यात टिकून राहत नाही, हीदेखील आपल्या बाजूची गोष्ट आहे. माणसांच्या रक्तातील साठा काही वर्षे सलग कमी ठेवला की साखळी आपोआप तुटते. डासांचा बंदोबस्त केलाच पाहिजे, पण गावातील प्रत्येक नाली आणि प्रत्येक शोषखड्डा डासमुक्त करणे हे गोळी गिळण्यापेक्षा कितीतरी अवघड काम आहे. झांझिबारमधील मकुंडुची या गावी दोन्ही उपाय एकत्र केले होते: लोकांना डी. ई. सी. दिले आणि संडासांच्या खड्ड्यांत थर्माकोलच्या बारीक मण्यांचा तरंगता थर पसरला, ज्यामुळे अळ्यांना श्वास घेता येईना. तेथे डास आणि रोग दोन्ही झपाट्याने कमी झाले.

वेंगुर्लेकर

आमच्या सिंधुदुर्गाचे नावही हत्तीरोगाच्या जिल्ह्यांत आहे, हे पुष्कळ कोकणवासीयांना माहीत नसते. डासांच्या संदर्भात एक साधी गोष्ट नमूद करतो. सेप्टिक टँकच्या हवा जाण्याच्या नळीचे तोंड उघडे असेल तर तेथूनच हजारो क्युलेक्स बाहेर पडतात. नळीच्या टोकाला नायलॉनची जाळी किंवा जुने पातळ कापड घट्ट बांधावे, आणि टाकीच्या झाकणाच्या फटी सिमेंटने बुजवाव्यात. आमच्या वाडीत हे काम गणपतीपूर्वी सर्वांनी मिळून केले. गप्पी मासे मात्र स्वच्छ किंवा थोड्याफार गढूळ साठ्यात टिकतात, टाकीतील घाणीत त्यांचा उपयोग नाही.

मीरा_पवनी

काका, आणि डॉक्टर, मला गोळीपेक्षा वेगळे विचारायचे आहे. माझ्या सासूबाईंचा उजवा पाय गुडघ्यापर्यंत सुजलेला आहे. त्या अजूनही रोवणीला जातात, दिवसभर बांधीच्या चिखलात उभ्या राहतात आणि पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. मग एखाद्या संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येतो, जांघेत अवधाण येते, पाय लालभडक आणि कढत होतो, आणि पाच-सहा दिवस त्यांना अंथरुणातून उठवत नाही. प्रत्येक वेळी ताप उतरतो, पण सूज आधीपेक्षा थोडी वाढलेली असते. एका खासगी दवाखान्यात आम्हाला सांगण्यात आले की हत्तीपायाला इलाज नाही, आता असेच चालायचे. गोळ्या त्या दरवर्षी घेतात. मग हे दुखणे का थांबत नाही? आणि खरोखरच काही करण्यासारखे उरलेले नाही का?

वैनगंगातीर

मीराताई, करण्यासारखे पुष्कळ आहे, आणि "इलाज नाही" हे वाक्य ज्या रुग्णांना ऐकवले गेले त्यांचे फार नुकसान झालेले मी पाहिले आहे. तुम्ही जे वर्णन केले आहे तो तीव्र झटका आहे. तो कृमीमुळे येत नाही, तर चिखल्यांच्या भेगांतून आत शिरलेल्या जिवाणूंमुळे येतो. लसीकावाहिन्या निकामी झालेल्या असल्यामुळे त्या जिवाणूंना अटकाव होत नाही, आणि प्रत्येक झटक्यात उरल्यासुरल्या वाहिन्यांचे आणखी नुकसान होते, म्हणून सूज वाढते. गोळी या झटक्याला थांबवू शकत नाही. झटके थांबवतात साबण, पाणी आणि कोरडा टॉवेल. ब्राझीलमधील रेसिफे येथे जेरुसा ड्रेयर या डॉक्टरांनी हे रुग्णांबरोबर वर्षानुवर्षे काम करून दाखवून दिले आणि आज जगभर हीच पद्धत शिकवली जाते.

पाय धुण्याची रीत अशी. रोज रात्री सासूबाईंना स्टुलावर बसवावे आणि पाय टबात घ्यावा. पाणी साधे, खोलीत ठेवलेले असावे, कढत नको. अंगाचा साधा साबण हातावर घोळून फेस करावा आणि गुडघ्यापासून खाली तळव्यापर्यंत हलक्या हाताने लावावा. दगड, घासणी किंवा नख लावू नये. सूज फार असेल तर कातडीला घड्या पडतात, आणि घाण तसेच ओल त्या घड्यांच्या तळाशी राहते. तिथे आणि प्रत्येक बेचक्यात मऊ कापडाची घडी घालून साबण पोहोचवावा. पाणी गढूळ येईनासे होईपर्यंत धुवावे. नंतर टॉवेलने टिपून घ्यावे, घासू नये, आणि बेचके पूर्ण कोरडे करावेत, कारण बुरशी ओलीत वाढते. मग दिव्याच्या उजेडात बोटे एकेक करून उघडून पाहावीत. पांढरी, भिजल्यासारखी कातडी दिसली तर बुरशीचे मलम, आणि भेग किंवा जखम दिसली तर जंतुनाशक मलम लावावे. सासूबाईंना खाली वाकणे जमत नसणार, म्हणून हे पाहण्याचे काम घरातल्या दुसऱ्या माणसाने करावे लागते; तुम्ही ते मनावर घ्याल याची मला खात्री वाटते.

रात्री खाटेच्या पायथ्याकडच्या खुरांखाली विटा ठेवून तो भाग उंच करावा. दिवसा बसताना पाय लोंबकळत न ठेवता पाटावर ठेवावा. घोटा गोल फिरवणे आणि टाचा वर उचलून खाली टेकणे, हे व्यायाम दिवसातून काही वेळा करावेत, कारण पोटरीचे स्नायू हलले की साचलेले पाणी वर सरकते. चप्पल मऊ, सैल आणि हवा खेळती राहील अशी असावी. रोवणी बंद करा असे मी सांगणार नाही, कारण घरची परिस्थिती तुम्हीच जाणता. परंतु त्या दिवसांत बांधीतून आल्या आल्या, चूल पेटवण्यापूर्वी, पाय धुऊन कोरडा झालाच पाहिजे.

झटका आलेला असताना व्यायाम पूर्ण बंद ठेवावा, पाय उंचावर ठेवावा, थंड पाण्याचे ओले फडके ठेवावे, भरपूर पाणी पाजावे आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात न्यावे, कारण प्रतिजैविके लागतात. शेक देणे, लेप लावणे, रक्त काढणे हे कटाक्षाने टाळावे. हत्तीपायाच्या रुग्णांना टब, मग, साबण, टॉवेल आणि मलम असा संच आरोग्य खात्याकडून दिला जातो. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सासूबाईंचे नाव रुग्णयादीत आहे का, हे अवश्य पाहावे.

धन्वंतरी_गोंदिया

वरील प्रतिसादाशी पूर्ण सहमत. एवढीच भर घालतो की सूज नवीन असेल आणि रात्रभर झोपल्यावर सकाळी उतरत असेल, तर ती अवस्था परत फिरवता येण्याजोगी असते, तेव्हाच काळजी सुरू केली तर पुढची वाढ थांबते. जुन्या सुजेतही झटके थांबले की कातडी मऊ होते, दुर्गंधी जाते आणि माणूस पुन्हा चारचौघांत बसू लागतो. दाबपट्टी बांधण्यापूर्वी मात्र शिकून घ्यावे, घरच्या घरी करकचून पट्टी गुंडाळू नये. तसेच पायाची प्रत्येक सूज हत्तीरोगाचीच असते असे नाही. हृदय, मूत्रपिंड, शिरेत झालेली रक्ताची गुठळी, कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतरची सूज, ही कारणेही असतात, म्हणून निदान डॉक्टरांकडूनच करून घ्यावे.

कोचीकर

मी नोकरीनिमित्त अनेक वर्षे केरळात आहे. आलप्पुळा जिल्ह्यातील चेर्तला हा भाग हत्तीरोगासाठी एके काळी कुप्रसिद्ध होता, आणि तेथील कृमी वेगळा होता: ब्रुजिया मलायी. त्याच्यामुळे सूज बहुधा गुडघ्याच्या खालीच राहते आणि अंडवृद्धी होत नाही. तेथील मॅन्सोनिया डासाच्या अळ्या श्वास घेण्यासाठी पाण्याच्या पृष्ठभागावर येत नाहीत. त्या तरंगत्या पाणवनस्पतींच्या मुळांत आपली श्वासनळी खुपसून तिथूनच हवा घेतात. त्यामुळे पाण्यावर तेल टाकून त्या मरत नाहीत. पुदुच्चेरीच्या कीटकवाहक नियंत्रण संशोधन केंद्राने तेथील लोकांना बरोबर घेऊन तळ्यांतील ती झाडे उपटण्याची मोहीम हाती घेतली होती. म्हणजे उपाय ठरवताना आपल्या भागातील डास कोणता, हे आधी पाहावे लागते. भंडारा-गोंदियातील मामा (माजी मालगुजारी) तलावांना हत्तीरोगाचा दोष देणारे लोक भेटतात, तेव्हा मला हे नेहमी आठवते. तुमच्याकडचा क्युलेक्स तलावापेक्षा घरामागच्या नालीत अधिक वाढतो.

मीराताईंसाठी आणखी एक. कासरगोड येथील उपयोजित त्वचाविज्ञान संस्थेत आधुनिक उपचार, आयुर्वेद, योगासने आणि दाबपट्ट्या यांची सांगड घालून या सुजेवर उपचार केले जातात, आणि तेथेही पाया म्हणजे रोजची धुलाईच.

जुनी_पाने

पाण्याला दोष देण्याची परंपरा फार जुनी आहे आणि ती अगदीच निराधार नाही. ज्या प्रदेशांत जुने पाणी साचून राहते तेथे श्लीपद, म्हणजे हत्तीपाय, विशेषेकरून होते, असे निरीक्षण सुश्रुतसंहितेत आहे. १८७२ मध्ये कलकत्त्यात टिमोथी लुईस यांना माणसाच्या रक्तात हे सूक्ष्मकृमी दिसले. १८७७ मध्ये चीनमधील अमॉय बंदरात पॅट्रिक मॅन्सन यांनी रक्तात कृमी असलेल्या आपल्या माळ्याला डास चावू दिले आणि त्या डासांच्या शरीरात कृमींची वाढ होताना पाहिली. कीटकाच्या शरीरात माणसाच्या रोगाचा परजीवी वाढतो, हे तेव्हा प्रथम दिसले. रोनाल्ड रॉस यांचा सिकंदराबादचा हिवतापाचा शोध त्यानंतर वीस वर्षांनी लागला, आणि तोही मॅन्सन यांच्याच प्रोत्साहनाने. तरीही मॅन्सन यांची समजूत अशी होती की डास पाण्यात मरतो आणि ते पाणी प्यायल्याने माणसाला रोग होतो. तो चाव्यातूनच होतो हे कळायला विसावे शतक उजाडावे लागले. गावातील वृद्ध आजही "पाणी बाधले" असे म्हणतात, तेव्हा त्यांना हसू नये, शांतपणे पुढची गोष्ट सांगावी.

नागनदीकर

डॉक्टरांच्या सविस्तर उत्तराबद्दल आभार. आमच्या बांधकामाच्या ठिकाणी एक मजूर आहेत, त्यांना अंडवृद्धी आहे. ते कोणाशी बोलत नाहीत, सैल धोतर नेसतात आणि जड ओझे उचलणे टाळतात, त्यामुळे त्यांची मजुरीही कमी झाली आहे. त्यांना गोळ्यांनी गुण येईल का?

धन्वंतरी_गोंदिया

गोळ्यांनी साचलेले पाणी कमी होणार नाही, परंतु हे हत्तीरोगाचे असे रूप आहे की जे शस्त्रक्रियेने बहुधा पूर्ण बरे होते. प्रौढ कृमींना अंडकोशाजवळच्या लसीकावाहिन्या विशेष मानवतात. सोनोग्राफीत ते जिवंत वळवळताना दिसतात आणि तज्ज्ञ त्या हालचालीला कृमींचा नाच म्हणतात. कृमींमुळे अंडकोशाभोवतीच्या आवरणात पाणी साचत जाते. सुईने पाणी काढून घेऊ नये, कारण ते पुन्हा भरते आणि जंतुसंसर्गाचा धोका राहतो. आवरणाची शस्त्रक्रिया उपजिल्हा रुग्णालयात किंवा जिल्हा रुग्णालयात मोफत होते. थोड्या दिवसांच्या विश्रांतीनंतर माणूस कामावर परततो. त्यांना मजुरी बुडण्याची भीती असणार, म्हणून आपण ठेकेदाराशी बोलून तेवढ्या दिवसांची सोय केलीत तर त्यांच्यावर मोठे उपकार होतील. लाजेमुळे हे पुरुष वर्षानुवर्षे दवाखान्यात येत नाहीत, आणि कोणी विश्वासातल्या माणसाने सोबत आणले तरच येतात.

खडू_फळा

मी प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. मोहिमेच्या काही फेऱ्यांनंतर सहा-सात वर्षांच्या मुलांच्या बोटातून रक्त घेऊन चाचणी का करतात, असे पालक आम्हाला विचारतात आणि काही जण त्या दिवशी मुलांना शाळेत पाठवत नाहीत. माझ्या समजुतीप्रमाणे ही मुले मोहीम सुरू झाल्यावर जन्मलेली असतात, म्हणून त्यांच्यात लागण आढळली नाही तर प्रसार थांबला असे धरता येते. हे बरोबर आहे का?

वैनगंगातीर

अगदी बरोबर आहे, आणि पालकांना याच शब्दांत सांगावे. आधी मोठ्यांच्या रात्रीच्या रक्ततपासणीत सूक्ष्मकृमींचे प्रमाण एक टक्क्याच्या खाली यावे लागते, मग मुलांची चाचणी होते, आणि मोहीम थांबवल्यानंतरही ती काही वर्षांच्या अंतराने पुन्हा केली जाते. श्रीलंका आणि मालदीव यांनी २०१६ मध्ये, थायलंडने २०१७ मध्ये आणि बांगलादेशाने २०२३ मध्ये दुरीकरणाचे शिक्कामोर्तब मिळवले. बांगलादेशाची दाटी आणि नाल्या आपल्यापेक्षा वेगळ्या नाहीत, त्यामुळे आपल्याला ते जमणार नाही असे मानायला मी तयार नाही.

मीरा_पवनी

काका, आपण सांगितल्याप्रमाणे आम्ही पाय धुणे सुरू केले आहे. तिसऱ्या बेचक्यात खोल भेग सापडली, ती सासूबाईंना स्वतःलाही माहीत नव्हती. केंद्रातून मलम मिळाले आणि त्यांचे नावही यादीत घातले. आता पुढच्या मोहिमेबद्दल विचारते. त्यांनी गोळ्या घेत राहायच्या का? आणि आमच्या टोलीतील पुरुषमंडळी घेतच नाहीत, त्यांचे काय करावे?

वैनगंगातीर

सासूबाईंनी गोळ्या घ्याव्यात, फक्त झटका चालू असेल तर तो ओसरेपर्यंत थांबावे आणि केंद्रातील डॉक्टरांना विचारून मग घ्याव्यात.

पुरुषांचे कारण मला ठाऊक आहे. ताई सकाळी दहा-अकराला येतात, तेव्हा पुरुष शेतावर किंवा कामावर गेलेले असतात. घरची बाई त्यांच्या गोळ्या घेऊन ठेवते, आणि संध्याकाळी थकून आलेला माणूस त्या घेत नाही. सकाळी जे घरी असतात त्यांचेही पुष्कळदा जेवण झालेले नसते आणि उपाशीपोटी औषध द्यायचे नसते, म्हणून त्यांच्याही गोळ्या मागे राहतात. आमच्या एका गावात आम्ही वेळ बदलून पाहिली होती. सरपंच आणि बचतगटाच्या महिलांना बरोबर घेऊन संध्याकाळी जेवणे आटोपल्यावर समाजमंदिरात बसलो, पाण्याची घागर आणि पेले ठेवले, उंचीची पट्टी भिंतीला टेकवली आणि सर्वांत आधी सरपंचांनी सगळ्यांसमोर गोळ्या घेतल्या. ताप येऊ शकतो, तो का येतो आणि आला तर कोणाला बोलवायचे, हे गोळी हातात देण्यापूर्वीच सांगितले. रात्री काहींना ताप आलाच, परंतु आधी सांगितलेले असल्यामुळे कोणी घाबरले नाही, आणि आरोग्य सेवक त्यांच्या घरी जाऊन आला. त्या गावात गोळ्या खरोखर गिळल्या गेल्या, फडताळात गेल्या नाहीत.

तुमच्या टोलीतील आशाताईंना आणि आरोग्य सेवकाला आत्ताच भेटा आणि मोहिमेतील एक दिवस संध्याकाळचा ठेवण्याची विनंती करा. अलीकडे मोहिमा १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या सुमारास सुरू होतात. आपल्या जिल्ह्याची फेरी कोणती, हे केंद्रात कळेल. ऑगस्टची असेल तर रोवणीचा हंगाम नुकताच उरकत आलेला असतो, म्हणून जेवणानंतरची वेळ आधीच पक्की करून घ्यावी.